शेतकरी कुटुंब आणि मुलांच्या शिक्षणाचे कर्ज

मृगाचा पाऊस आणि महाविद्यालयांचे प्रवेश ही दोन्ही केज तालुक्यातील शेतकऱ्याच्या दारी एकाच सुमारास येतात. सोयाबीनचे बियाणे घ्यावयाचे असते, खताच्या गोण्या आणावयाच्या असतात आणि त्याच आठवड्यांत बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाला पुण्याच्या, लातूरच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याची वार्ता येते. वार्ता आनंदाची असते. परंतु तिच्यासोबत शुल्क भरण्याची अखेरची तारीखही आलेली असते, आणि ती तारीख पावसाप्रमाणे चार दिवस पुढे सरकत नाही.

अशा वेळी घरात पैसा कोठून उभा राहतो, हे पाहण्याजोगे आहे. कोणी पिकासाठी घेतलेले कर्ज शुल्काकडे वळवितो. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून कोयत्यामागे मिळणाऱ्या उचलीतून शुल्क भरते. कोणी घरातील सोने गहाण ठेवतो, तर कोणी सावकाराची पायरी चढतो. या चारही मार्गांत एक दोष समान आहे. हा पैसा बहुधा वर्षाच्या आत परत मागितला जाणारा असतो आणि शिक्षण मात्र तीन, चार किंवा साडेपाच वर्षे चालते. पीककर्ज काढून विहीर खोदण्यास कोणताही जाणता शेतकरी धजणार नाही, कारण विहिरीला पाणी लागून पिकात पैसा दिसेपर्यंत पीककर्जाची मुदत संपलेली असते. शिक्षणालाही हाच हिशेब लागू आहे.

पीककर्जाची गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्यास केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून २०२१-२२ पासून ते शून्य टक्के व्याजाने पडू लागले. इतका स्वस्त पैसा शेतकऱ्यास अन्यत्र मिळत नाही. तो शुल्कात गेला म्हणजे पिकाला खत कमी पडते, उत्पन्न घटते, मुदतीत फेड होत नाही, व्याजाची सवलत जाते आणि पुढील हंगामाचे कर्ज अडते. एका प्रवेशापायी अशी दोन-तीन वर्षांची शेती विसकटते. उचलीचा परिणाम याहून कठीण आहे. तिची फेड अंगमेहनतीने होते, आणि हंगामात ती पुरी झाली नाही तर बाकी पुढील हंगामावर चढते. ज्या मुलाच्या शुल्कासाठी उचल घेतली, त्यानेच दिवाळीनंतर वर्ग सोडून फडात उतरावे, असेही घडते.

या कामासाठी वेगळे कर्ज उपलब्ध आहे. त्याचे नियम गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले, तर प्रवेशाच्या त्या दोन आठवड्यांत पुष्कळ कुटुंबांचे नुकसान टळेल.

पैसा कोणाचा?

गावात या कर्जास ‘सरकारी कर्ज’ म्हणण्याची रीत पडली आहे. तिने एक गैरसमज पसरविला आहे. तगाई ही खरोखर सरकारची होती. ती तहसील कार्यालयातून मिळे आणि दुष्काळ पडला की तिची वसुली तहकूब होई. विद्यार्थ्यांसाठीही सरकारने असे कर्ज एकदा दिले होते. १९६३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना सुरू केली. हुशार परंतु गरीब विद्यार्थ्यास बिनव्याजी रक्कम मिळे, ती नोकरी लागल्यावर परत करावयाची असे आणि पुढे शिक्षकी पेशा पत्करणाऱ्यास दरवर्षी काही भाग माफ होई. योजना उदार होती, पण दिलेला पैसा पुरेसा परत आला नाही आणि ती बंद पडली.

आजचे शैक्षणिक कर्ज बँक देते. २००१ साली भारतीय बँक संघाने सर्व बँकांसाठी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली आणि पुढे तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. बँक देते तो ठेवीदारांचा पैसा असतो. सरकार दोन गोष्टी करते: ठराविक उत्पन्नाच्या आतील कुटुंबांचे काही काळाचे व्याज स्वतः भरते, आणि २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाच्या थकबाकीपैकी ७५ टक्क्यांची हमी बँकेला देते. ‘सरकारने हमी घेतली आहे, आपल्याला काय?’ असे काही जण म्हणतात. ही हमी बँकेसाठी आहे. हमीची रक्कम बँकेला मिळाल्यानंतरही कर्जदाराचे देणे शिल्लकच राहते व बँकेची वसुली चालूच राहते.

कर्जमाफीविषयीही स्पष्ट बोलणे जरूर आहे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना या तिन्ही शेतीच्या कर्जांसाठी होत्या. शैक्षणिक कर्ज त्यांपैकी एकीतही नव्हते. माफीची वाट पाहत हप्ते थांबविणाऱ्या कुटुंबास केवळ वाढलेले व्याज हाती लागते.

कर्जापूर्वी शिष्यवृत्ती

कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी कर्जाची गरज कमी कशी करता येईल ते पाहावे. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर बहुतेक योजनांचे अर्ज एकाच ठिकाणी होतात. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती व इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व शुल्कमाफीच्या योजना आहेत. खुल्या प्रवर्गातील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळू शकतो, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेचा आधार आहे. मुलींच्या बाबतीत तर २०२४-२५ या वर्षापासून मोठा बदल झाला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देण्यात आली. हे ठाऊक नसल्यामुळे मुलीचे शिक्षण ‘परवडत नाही’ म्हणून थांबविले जात असेल, तर ती माहिती पोचविणाऱ्या यंत्रणेची उणीव समजली पाहिजे.

शिष्यवृत्तीची रक्कम अनेकदा उशिरा येते, हे खरे आहे. तोवर कर्जातून शुल्क भरावे लागले तर हरकत नाही. मात्र रक्कम खात्यावर येताच ती कर्जात भरावी. ती दुसऱ्या खर्चात गेली तर त्याच शुल्कावर वर्षानुवर्षे व्याज चालू राहते.

आणखी एक गोष्ट. लातूरच्या शिकवणी वर्गांवर कित्येक कुटुंबे अकरावी-बारावीतच आपली सारी शिल्लक खर्च करतात. हा खर्च महाविद्यालयीन शैक्षणिक कर्जात बसत नाही. कर्जात शिक्षण व परीक्षा शुल्क, वसतिगृह, पुस्तके, साधने, संगणक यांचा खर्च धरला जातो. देणगीचा पैसा त्यात धरला जात नाही. म्हणून शिकवणीच्या वेळीच पुढील चार वर्षांचा हिशेब मांडणे शहाणपणाचे ठरेल.

व्याज कसे चढते

केशर आंब्याची बाग लावणाऱ्यास हे समजावून सांगणे सोपे आहे. कलम लावल्यापासून पहिली चार-पाच वर्षे बाग पैसा खाते, देत नाही; म्हणून बागेच्या कर्जाचे हप्ते फळ धरल्यानंतर सुरू होतात. शैक्षणिक कर्जाचेही तसेच आहे. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष इतकी सवलतीची मुदत असते. या काळात हप्ता नसतो, पण व्याज थांबलेले नसते. ते सरळ व्याजाने मोजले जाऊन साठत राहते आणि हप्ते सुरू होण्याच्या दिवशी मुद्दलात मिळते. ‘पाच वर्षे काही भरावयाचे नाही’ असे ऐकून घरी परतणाऱ्या पित्याने ही दुसरी बाजूही ऐकली पाहिजे.

आकडे मांडून पाहू. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी आरंभी एक लाख याप्रमाणे चार लाख रुपये उचलले आणि व्याजाचा दर हिशेबापुरता १० टक्के धरला. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार वर्षांचे, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे व्याज चढते. हे व्याज एकंदर १ लाख ४० हजार होते. म्हणजे हप्ते सुरू होताना देणे चार लाखांचे नसून ५ लाख ४० हजारांचे असते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१४० रुपये येतो आणि एकूण सुमारे ८ लाख ५६ हजार रुपये भरावे लागतात. मुदत पंधरा वर्षांची घेतली तर हप्ता ५,८०० रुपयांपर्यंत उतरतो, पण एकूण भरणा दहा लाख चाळीस हजारांच्या वर जातो.

हेच व्याज शिक्षण चालू असताना भरीत गेले तर काय होते? पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ८३० रुपये, दुसऱ्या वर्षी १,६७०, तिसऱ्या वर्षी २,५०० आणि त्यानंतर ३,३३० रुपये लागतात. असे केल्यास हप्ते सुरू होताना देणे चार लाखच राहते आणि दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता सुमारे ५,२९० रुपये येतो. शिवाय या काळात व्याज नियमित भरणाऱ्यास दरात एक टक्का सूट देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. ती मंजुरीपत्रात लिहिली आहे की नाही, ते पाहून घ्यावे. दुभते जनावर असलेल्या घरास पहिल्या दोन वर्षांचे व्याज दुधाच्या पगारातून भागविणे अशक्य नाही. चौथ्या वर्षाचे मात्र कठीण जाते, आणि ज्याला जमत नाही त्याने त्यासाठी दुसरे कर्ज काढू नये.

मुलाला नोकरी लागली नाही आणि हप्ता शेतीवर आला तर? महिना ७,१४० म्हणजे वर्षाला सुमारे ८५,७०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये होती. त्या भावाने हे सोळा क्विंटल सोयाबीन झाले. कोरडवाहू जमिनीत एकरी पाच-सहा क्विंटल धरले, तर जवळजवळ तीन एकरांचे सगळे पीक, तेही बी-खत-मजुरीचा खर्च न काढता. महाविद्यालय निवडताना हा आकडा डोळ्यांसमोर असावा. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या मुलांना कोठे व किती वेतनावर काम मिळते, याची चौकशी जाहिरातीवरून न करता तेथून बाहेर पडलेल्या गावच्या, तालुक्याच्या मुलांकडे करावी. शासकीय महाविद्यालयातील जागा आणि भरमसाट शुल्काची खाजगी जागा यांत निवड करण्याची संधी असेल, तर इमारतीच्या दिखाव्याला भुलण्याचे कारण नाही.

व्याजाची सवलत कोणाला?

ज्या कुटुंबाचे सर्व मार्गांचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे, त्यांच्या मुलांसाठी केंद्राने २००९-१० पासून व्याज अनुदान योजना सुरू केली. तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या कर्जावरील सवलतीच्या मुदतीचे संपूर्ण व्याज सरकार भरते. वरील उदाहरणातील १ लाख ४० हजारांचा भार यामुळे उतरतो. केज तालुक्यातील बहुसंख्य कोरडवाहू कुटुंबे या उत्पन्नमर्यादेत बसण्यासारखी आहेत. अडचण तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यात येते. तो वेळेवर बँकेत न पोचल्यास अनुदान मिळत नाही. संस्था किंवा अभ्यासक्रम नॅक अथवा एनबीए मूल्यांकित असावा लागतो. ही सवलत आयुष्यात एकदाच, पदवीला किंवा पदव्युत्तर शिक्षणाला मिळते आणि आजारपणासारखे सबळ कारण नसता शिक्षण मध्येच सोडल्यास ती जाते.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत निवडक दर्जेदार संस्थांत (आरंभी त्यांची संख्या ८६० होती) गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यास तारणाशिवाय व जामीनदाराशिवाय कर्ज मिळण्याची सोय झाली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या व दुसरी शासकीय शिष्यवृत्ती वा व्याजसवलत न घेणाऱ्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या मुदतीत तीन टक्के व्याजसवलत ठेवण्यात आली. येथे घोटाळा होतो तो असा की, शेजारच्या मुलाला मिळाले म्हणून आपल्यालाही मिळेल असे गृहीत धरले जाते. आपले महाविद्यालय यादीत आहे की नाही, हे प्रवेश निश्चित करण्यापूर्वी पोर्टलवर पाहावे. राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजना वेगळी आहे. तीत कर्जदाराने आधी बँकेत नियमित भरणा करावयाचा आणि मग व्याजाचा परतावा घ्यावयाचा असतो. थकबाकीदारास तिचा उपयोग नाही.

अर्ज आणि सह्या

अर्जासाठी गुणपत्रके, प्रवेशपत्र, शुल्काचा तपशील, विद्यार्थ्याचे व पालकाचे आधार आणि पॅन, उत्पन्नाचा दाखला व रहिवासाचा दाखला एवढी कागदपत्रे बहुधा पुरतात. अर्ज पोर्टलवर विनामूल्य होतो. मंजुरी मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालास एक रुपयाही देण्याची गरज नाही. आदर्श योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंत पदरचा हिस्सा व तारण लागत नाही. सातबारा घेऊन या, असे बँकेने सांगितल्यास तो उत्पन्नाच्या माहितीसाठी हवा आहे की तारणासाठी, हे विचारून घ्यावे. अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. त्यानंतर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचा व्यवस्थापक आणि पुढे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल अशा पायऱ्या आहेत. शाखेत वादावादी करून काम होत नाही. लेखी अर्जाची पोच घेतल्याने होते.

या कर्जात पालक हा सहकर्जदार असतो. गावातील ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत यातून एक अडचण उद्भवते, जी शहरातील शाखेच्या ध्यानी येत नाही. आई-वडील दिवाळीच्या सुमारास तोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. आणि नेमके त्याच काळात पुढील सत्राच्या रकमेसाठी सही किंवा कागद मागितला जातो. म्हणून गाव सोडण्यापूर्वी बँकेत जाऊन पुढील उचलीसाठी काय लागेल ते विचारावे, चालू भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवावा आणि कागदांचा एक संच विद्यार्थ्याजवळ ठेवावा. कृषी सहाय्यकांनी व ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी टोळ्या निघण्यापूर्वी एवढी आठवण दिली तरी पुष्कळ काम होईल.

फेडीची वर्षे

शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याचा पत्ता बदलतो, दूरध्वनी क्रमांक बदलतो, आणि बँकेची पत्रे गावच्या जुन्या पत्त्यावर पडून राहतात. हप्ता सुरू झाल्याचे घरात कोणालाच ठाऊक नसते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि त्याची नोंद पतमाहिती संस्थेकडे मुलाच्या नावाबरोबर सहकर्जदार पित्याच्याही नावावर होते. ज्या शेतकऱ्याने सोसायटीचा एक हप्ता कधी चुकविला नाही, त्याला ट्रॅक्टरच्या वा ठिबकच्या कर्जाच्या वेळी मुलाच्या थकबाकीचा कागद दाखविला जातो. म्हणून अखेरची परीक्षा झाली की बाप-लेकांनी एकत्र शाखेत जावे, हप्त्याची पहिली तारीख व रक्कम लिहून घ्यावी आणि नवा पत्ता नोंदवावा.

नोकरी लागली नसेल तर तोंड लपवू नये. बेकारीच्या काळासाठी मुदत वाढवून मागता येते, आरंभी लहान व पुढे वाढत जाणारे हप्तेही बांधून मागता येतात. परंतु हे सारे खाते थकण्यापूर्वी लेखी मागितले तर सुलभ होते, थकल्यानंतर त्याला तडजोडीचे रूप येते. नोकरी लागल्यानंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत मुदतीआधी जास्त भरणा करता आला तर व्याजात मोठी बचत होते, आणि आदर्श योजनेत त्याबद्दल दंड नाही. लग्न किंवा मोटारसायकल यांचा हप्ता या हप्त्याच्या पुढे घालण्याची घाई तरुणांनी करू नये. वडिलांचे नाव त्याच कागदावर आहे.

कर्ज घेताना त्याच्याशी जोडलेला आयुर्विमा आहे काय, हेही विचारून ठेवावे. विद्यार्थ्याचा अकाली मृत्यू झाल्यास विमा नसताना देणे सहकर्जदारावरच येते.

शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा. मोठ्या कर्जासाठी मालमत्ता तारण दिली असल्यास तिची मूळ कागदपत्रे परत घ्यावीत, आणि जमिनीवर बोजा चढविला असल्यास बँकेचे पत्र तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावरील इतर हक्कांतील नोंद कमी करून घ्यावी. दोन-तीन महिन्यांनी नवा उतारा काढून ती खरोखर कमी झाली आहे, याची खात्री करावी.